एक संगणक, अनेक खातीं

विद्यार्थीमित्रहो, घरांत नवी वस्तु आली म्हणजे ती कोणाची, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं उत्पन्न होतो. सायकल एका वेळीं एकानें चालवावी व दुसऱ्यास द्यावी. जो उतरला त्याचें तिच्यावर मागें कांहीं उरत नाहीं. लॅपटॉपाची गोष्ट निराळी आहे. त्यापुढें बसलेला मनुष्य उठून गेला तरी त्याचीं पत्रें, त्याचे फोटो, त्यानें वाचलेलीं पानें, त्यानें साठविलेले परवलीचे शब्द, हें सर्व मागें राहतें. आणि पुढें बसणाऱ्याच्या मनांत कांहींही वाईट नसलें तरी तें त्याच्या हातीं पडतें. म्हणून अशा यंत्रावर घरांतील प्रत्येकाचें वेगळें खातें उघडणें ही हौस नसून व्यवस्था आहे. ती कशी करावी व तिच्या मुळाशीं कोणतें तत्त्व आहे, हें या पाठांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खातें म्हणजे काय, हें जुन्या वाड्याच्या उपमेनें लवकर समजतें. वाड्याचा दिंडीदरवाजा एक. आंत ओसरी सर्वांची, खोल्या ज्याच्या त्याच्या, आणि कोठाराची किल्ली घरांतील एका जाणत्या माणसाच्या कमरेस. लॅपटॉपाची रचना अशीच आहे. प्रत्येक साधें खातें, ज्यास 'स्टँडर्ड यूजर' म्हणतात, तें एक खोली होय. त्या खोलींत त्या मनुष्याचे कागद, चित्रें, ब्राउझरमधील खुणा व परवलीचे शब्द राहतात. दुसऱ्या साध्या खात्याच्या मालकास तेथें जातां येत नाहीं. 'पब्लिक' या नांवाचें फोल्डर ही ओसरी. तेथें ठेविलेलें सर्वांस उघडतां येतें. आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे व्यवस्थापकाचें खातें ही कोठाराची किल्ली होय. नवे मोठे प्रोग्राम बसविणें, संरक्षणाच्या व्यवस्था बदलणें, नवीं खातीं उघडणें व जुनीं काढून टाकणें हीं कामें तिच्यावांचून होत नाहींत.

ही कल्पना आजची नव्हे. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच मोठा संगणक अनेकांस एकाच वेळीं वापरतां यावा अशी योजना सिद्ध केली. यंत्र एक आणि माणसें पुष्कळ, म्हणून प्रत्येकाचे कागद वेगळे राहावे यासाठीं परवलीचा शब्द आला. पुढल्याच वर्षीं ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास वाट्याला आलेला वेळ पुरेना, तेव्हां त्यानें युक्तीनें परवलीच्या शब्दांची सगळी यादीच छापून घेतली! १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत युनिक्सचा आरंभ झाला. त्या पद्धतींत सामान्य वापरणारा व सर्वाधिकारी 'रूट' यांचा भेद स्पष्ट होता. घरगुती संगणकांत मात्र ही शिस्त उशिरां आली. विंडोज ९५ व ९८ यांत परवलीचा शब्द विचारणारी चौकट रद्द करूनही आंत जातां येत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरच्या यंत्रांतही खऱ्या भिंती उभ्या राहिल्या, व २००७ च्या व्हिस्टापासून मोठा बदल करण्यापूर्वीं संमति मागण्याची चाल पडली. नवा लॅपटॉप घेणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें कीं विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. म्हणून पुढील कृति विंडोज ११ ची दिली आहे.

आतां आपल्या बीड जिल्ह्यांतील एक कुटुंब कल्पूं. गांव धारूरच्या डोंगरपट्ट्यांतील आहे. आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत जातात व कारखान्याचा हंगाम संपल्यावर परततात. घरीं आजी, बारावींतील थोरली मुलगी व आठवींतील मुलगा. पुण्यास नोकरीस असलेल्या काकांनीं लॅपटॉप पाठविला आहे. त्यावर बापाच्या पीकविम्याचे व सातबाऱ्याचे कागद राहणार. मुलीचा प्रवेशपरीक्षेचा अर्ज व शिष्यवृत्तीचें महाडीबीटीवरील खातें राहणार. मुलाचा अभ्यास व खेळ राहणार. आजीचीं भजनें व लेकाशीं समोरासमोर बोलणें राहणार. चौघांनीं एकच खातें वापरलें तर काय होईल? खेळ उतरवितां उतरवितां मुलगा एखादा घातक प्रोग्राम आंत आणील, आणि तो प्रोग्राम व्यवस्थापकाच्या अधिकारानें चालून बहिणीचा अर्ज व बापाचे कागद एकदमच बुडवील. चूक एकाची, हानि सर्वांची. वेगळीं साधीं खातीं असतील तर तीच चूक बहुधा त्याच्या खोलीपुरतीच राहील.

कृति अशी. यंत्र प्रथम चालू करतांना देश, भाषा व कळफलक विचारला जातो, नंतर इंटरनेट व ई-मेल. या वेळीं जें पहिलें खातें उघडतें तें आपोआप व्यवस्थापकाचें होतें. येथेंच मोठी सावधगिरी पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं दुकानदार सोय म्हणून स्वतःच्या ई-मेलवर हें खातें उघडून देतात. तसें होऊं देऊं नये. ई-मेल घरांतील प्रौढ माणसाचाच असावा. कारण पुष्कळ नव्या लॅपटॉपांत आंतील मजकूर आपोआप कुलूपबंद केलेला असतो, व त्या कुलपाचा अठ्ठेचाळीस अंकांचा उद्धारक क्रमांक या पहिल्या खात्याशीं जोडून ठेविला जातो. दुरुस्तीनंतर यंत्रानें तो मागितला आणि खातें परक्याचें निघालें, तर आपल्याच घरांत आपण बाहेर राहूं. हा क्रमांक वहींत उतरून ती वही पेटींत ठेवावी.

नंतर 'सेटिंग्ज' उघडून 'अकाउंट्स' व त्यांत 'अदर यूजर्स' येथें जावें आणि 'ॲड अकाउंट' दाबावें. ज्यास ई-मेल आहे त्याचा पत्ता द्यावा. आजीसारख्या ज्यांस ई-मेल नाहीं, त्यांच्यासाठीं त्या व्यक्तीची माहिती आपणांपाशीं नसल्याचा पर्याय निवडावा व पुढें मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय वापरणारा जोडावा; असें खातें त्या एका यंत्रापुरतेंच राहतें. फोल्डराचें नांव मागाहून बदलणें कटकटीचें असतें, म्हणून आरंभींच लहान व सोपें नांव योजावें. प्रत्येक नवें खातें 'स्टँडर्ड यूजर' आहे ना, हें त्याच्या नांवाखालीं पाहून घ्यावें. मग प्रत्येकानें आपापल्या खात्यांत एकदां प्रवेश करून स्वतःचा परवलीचा शब्द स्वतः ठरवावा, आणि 'टाइम अँड लँग्वेज' येथें मराठी भाषा व तिचा कळफलक जोडावा. कारण ही निवड खात्यागणिक वेगळी असते. परवलीचा शब्द म्हणून मोबाइलचा क्रमांक, जन्मतारीख वा गांवाचें नांव घेऊं नये. एकमेकांशीं संबंध नसलेले चार साधे शब्द जोडलेले बरे. उठतांना विंडोजची कळ व 'एल' हीं अक्षरें एकत्र दाबलीं कीं खोलीस कडी लागते. ही संवय नसेल तर वरील सर्व खटाटोप व्यर्थ आहे.

आतां खरा प्रश्न. व्यवस्थापकाची किल्ली कोणाकडे असावी? आमच्या अनुभवांत बहुतेक घरीं ती मुलाकडे जाते, कारण 'त्याला त्यांतलें समजतें.' आम्हांस हें मान्य नाहीं. किल्ली अधिक चलाख त्याच्या हातीं द्यावयाची नसते, अधिक जबाबदार त्याच्या हातीं द्यावयाची असते. आणि तो मुलगाच असला पाहिजे असें तर मुळींच नाहीं. आईबाप सहा-सहा महिने दूर असतां घर जी सांभाळते, धान्य व पैसा जिच्या हिशेबानें चालतो, ती थोरली बहीण या कामास सर्वथा योग्य आहे. मात्र तिनेंही रोजचें काम आपल्या साध्या खात्यांतच करावें, व व्यवस्थापकाचें खातें नवा प्रोग्राम बसवितांना तेवढें वापरावें. जो किल्ली सदैव कुलुपांतच अडकवून ठेवितो त्याच्या कोठारास कुलूप आहे असें म्हणतां येत नाहीं. परवलीच्या शब्दाची एक प्रत पाकिटांत बंद करून आजीच्या पेटींत ठेवावी. म्हणजे मुलगी शिक्षणासाठीं परगांवीं गेली तरी घर अडणार नाहीं.

धाकट्या मुलाचें खातें बालकाचें म्हणून नोंदवितां येतें. तसें केल्यास तो किती वेळ बसतो, कोणते प्रोग्राम उघडतो, यांवर पालकांस मर्यादा घालतां येते. ऊसाच्या फडांतील बापासही ती मोबाइलवरून पाहतां येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालकच मानिलें आहे. परंतु देखरेख आणि हेरगिरी यांत भेद आहे. व्यवस्थापकास एक बटण दाबून दुसऱ्याच्या फोल्डरांत शिरतां येतें, हें खरें. शिरतां येतें म्हणून शिरावें, असें मात्र नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क घराच्या उंबऱ्याच्या आंत शिकला नाहीं तर बाहेर कोठें शिकणार? म्हणून लहानांवर कोणती मर्यादा घातली आहे व कां, हें त्यांस आधींच सांगावें. आणि मोठ्या मुलीचीं पत्रें वाचावयाचीं नाहींत, हें भावानें व बापानेंही पाळावें.

शेवटीं या व्यवस्थेच्या मर्यादाही ध्यानांत असाव्या. साध्या खात्यांतूनही कांहीं लहान प्रोग्राम त्या खोलीपुरते बसवितां येतात, तेव्हां सावधपणा सुटत नाहीं. खातें काढून टाकलें म्हणजे त्यांतील कागदही त्या यंत्रावरून जातात, म्हणून आधीं प्रत काढावी. आणि खोल्या कितीही वेगळ्या असल्या तरी छप्पर एकच आहे: यंत्र पडलें, भिजलें वा चोरीस गेलें तर सर्वांचेंच गेलें. अर्ज, गुणपत्रकें व शेताचे कागद यांची एक प्रत बाहेरच्या पेन ड्राइव्हवर असावीच.

विद्यार्थीमित्रहो, या सुटींत ज्यांच्या घरीं लॅपटॉप आहे त्यांनीं पुढील तीन गोष्टी कराव्या. प्रथम, यंत्रावर किती खातीं आहेत व त्यांपैकीं व्यवस्थापकाचीं किती, हें मोजावें. दुसरें, पहिलें खातें कोणाच्या ई-मेलवर आहे तें वडील माणसांसमक्ष पाहावें. तिसरें, किल्ली कोणी बाळगावी याचा विचार घरांतील सर्वांनीं, आजीसुद्धां, एकत्र बसून करावा. पहिल्या दोन गोष्टींस अर्धा तास पुरे. तिसरीस अधिक वेळ लागेल. तो अवश्य द्यावा.