जंजिऱ्याची स्वस्त सहल

मुलांनो, उर्दूतला ‘जझीरा’ म्हणजे बेट, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ‘जंजिरा’ हे नाव त्याच शब्दावरून आले. रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचा हा जलदुर्ग १९४८ पर्यंत सिद्दींच्या राज्यात होता. मित्रांबरोबर कमी खर्चात जायचे, तर एस.टी.ने मुरूड गाठा आणि राजपुरीहून शिडाच्या होडीत बसा. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ गेल्यावरच दिसतो. लाटांनी होडी हलते. पायरीवर जपून उतरा. चोहीकडे खारे पाणी, पण आत गोड्या पाण्याचे तलाव! कलालबांगडी तोफही पाहा.

मात्र परतीचे भाडे आधीच बाजूला ठेवा. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी ते शहाळी पिण्यात उडवले. मग मुरूडच्या बाजारात एका मित्राला घड्याळ विकावे लागले. दहावी पास झाल्यावर वडिलांनी घेऊन दिले होते ते.