पात्राची चाल आणि स्पर्धेची निवड

कागदावरील चित्र मुळीच हलत नाही. एका सेकंदात २४ चित्रे पडद्यावर एकामागून एक दाखविली असता प्रेक्षकाचा डोळा व मेंदू मिळून त्यांतून गती निर्माण करतात. या तत्त्वावर उभ्या असलेल्या कलेस सचेतनीकरण, किंवा व्यवहारातील शब्दांत ॲनिमेशन, म्हणतात. पुष्कळदा एकच चित्र लागोपाठ दोनदा दाखवून सेकंदास १२ चित्रांवर काम भागविले जाते. संगणकाने हाताचे श्रम कमी केले. हे गणित मात्र बदललेले नाही.

अभ्यासाचा आरंभ चेंडूपासून करण्याचा प्रघात आहे व तो योग्यच आहे. वरून सोडलेला चेंडू सारख्या कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढती अंतरे कापतो. नवशिका ही अंतरे सारखी ठेवतो. मग चेंडू पडत नाही, दोरीने खाली सोडल्यासारखा उतरतो. चित्र कितीही सुबक असो, वजन गेले की प्रेक्षकाचा विश्वासही जातो.

चेंडूला मन नसते, पात्राला असते. रेल्वेच्या फलाटावर ट्रंक उचलणारा हमाल लक्षपूर्वक पाहावा. उचलण्यापूर्वी तो गुडघे वाकवितो व मान ताठ करतो. ओझे डोक्यावर आल्यावर पाऊल आखूड पडते. आता तीच ट्रंक रिकामी आहे अशा समजुतीने एखादा मुलगा ती एका हाताने उचलू जातो. हात ताणला जातो, ट्रंक जागची हालत नाही, आणि आपल्याला कोणी पाहिले की काय म्हणून तो आजूबाजूला नजर टाकतो. भाराचे नियम दोघांनाही सारखेच लागू आहेत. परंतु ती नजर त्या मुलाचीच आहे. पात्रांच्या सचेतनीकरणाचा खरा अभ्यास येथे सुरू होतो.

असे निरीक्षण मोठ्या कलावंतांनाही चुकलेले नाही. १९४२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘बॅम्बी’ या चित्रपटासाठी डिस्ने यांच्या चित्रशाळेत हरणाची दोन जिवंत पाडसे आणून ठेविली होती. त्या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईस फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले व त्यांनी तेथील तरुण चित्रकारांना या कलेचे शिक्षण दिले. जातककथेवर आधारलेला ‘द बॅनियन डिअर’ हा १९५७ चा लघुपट त्या शिक्षणाचे फळ होय. राम मोहन हे त्याच वर्गातून पुढे आले.

काही काळ अभ्यास झाला की विद्यार्थ्यास स्पर्धेचे वेध लागतात, आणि बहुधा त्याची दृष्टी प्रथम बक्षिसाच्या रकमेवर जाते. त्याने आधी चित्रे मोजावीत. दोन मिनिटांच्या लघुपटास, सेकंदास १२ चित्रे धरली तरी, १,४४० चित्रे लागतात. दिवसास दहा चित्रे काढणाऱ्यास हे पाच महिन्यांचे काम झाले. कथा, पार्श्वभूमी व ध्वनी निराळेच. अशा योजना अर्ध्यावर सुटतात, आणि अपुऱ्या लघुपटाचे परीक्षण कोणी करीत नाही.

याउलट काही स्पर्धांत सर्वांना दहा-अकरा सेकंदांचा एकच संवाद देऊन त्यावर अभिनय करावयास सांगतात. येथे सुमारे १३० चित्रांत काम होते. संवाद एकच असल्यामुळे दुसऱ्याने तोच क्षण कसा हाताळला हे ताडून पाहता येते. शिकणाऱ्यास याहून चांगली तुलना मिळणे कठीण. फ्रान्समधील आनसी येथे १९६० मध्ये सुरू झालेला महोत्सव किंवा मुंबईत १९९० पासून भरत आलेला आंतरराष्ट्रीय महोत्सव यांची गोष्ट वेगळी. तेथे संपूर्ण कृती तोलली जाते. ज्याच्यापाशी सांगण्यासारखी कथा व पुरेसा अवधी आहे, त्याने तिकडे अवश्य वळावे. केवळ चालीचा व अभिनयाचा सराव हवा असेल त्याने छोटी स्पर्धा निवडावी.

नियमपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. परीक्षक गती पाहणार की चित्रांची सजावट, अभिप्राय मिळणार की केवळ क्रमांक, कृतीवरील हक्क कोणाकडे राहणार, हे तीत शोधावे. चित्रपटगीत परवानगीवाचून वापरल्यास चांगली कृतीही बाद होऊ शकते.

पाठविण्यापूर्वी काम आवाज बंद करून एखाद्या अनोळखी माणसास दाखवावे व पात्राला काय हवे आहे, एवढेच विचारावे. त्याला ते सांगता आले नाही, तर स्पर्धेची तारीख उद्याची असली तरी मुख्य चित्रे पुन्हा काढणे भाग आहे.