बंगळूरची मालवाहतूक : रूळ, रस्ता आणि मधला धक्का

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठारावर वसलेले आहे. त्याला बंदर नाही आणि मालाची नौका चालावी अशी नदीही नाही. तेथील कारखान्यांतून निघणारे यंत्रांचे भाग किंवा तयार कपडे परदेशी पाठवावयाचे झाल्यास ते प्रथम सुमारे ३५० किलोमीटरांवरील चेन्नईच्या बंदराला न्यावे लागतात. मुंबईचे अंतर तर जवळजवळ १,००० किलोमीटर भरते. हा माल रस्त्याने न्यावा की रुळाने, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर पुष्कळदा गाडी धावते तेथे नसून ती थांबते तेथे सापडते.

प्रथम धावण्याचा विचार करू. सपाट रस्त्यावर एक टन भार चालता ठेवावयास रबरी धावेच्या चाकाला साधारणपणे ६ ते १० किलोग्रॅम इतकी ओढ लागते. पोलादी रुळावरील पोलादी चाकाला त्याच भारासाठी १ ते २ किलोग्रॅम ओढ पुरते. रबर भाराखाली दबते, पुन्हा फुगते आणि या दबण्याफुगण्यात शक्ती खर्ची पडते. पोलाद फारच थोडे दबते. म्हणूनच एकच इंजीन हजारो टन माल ओढून नेऊ शकते.

एवढा लाभ असूनही सारा माल रुळावर का जात नाही? कारण रूळ कारखान्याच्या दारात येत नाही. माल मालमोटारीत भरावा, स्थानकावर उतरवावा, वाघिणीत चढवावा आणि दुसऱ्या टोकाला हाच खटाटोप उलट्या क्रमाने करावा, असा हा व्यवहार आहे. प्रत्येक चढउतारीला मजुरी पडते, वेळ जातो, आणि फुटतूट व चोरी यांची भीती असते ती निराळीच.

बंगळूरला या चढउताराचा अनुभव जुना आहे. मद्रासकडून १८६४ साली येथे आलेला लोहमार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर रुंदीचा होता. पुणे, बेळगाव, हुबळी या बाजूने येणारा मार्ग मात्र मीटरगेज होता. एका मार्गाची वाघीण दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. त्यामुळे मद्रासकडून येऊन हुबळीकडे जाणारे पोते वाटेत हमालाच्या पाठीवरूनच एका गाडीतून दुसरीत जाई. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असत, अंतर चार पावलांचे असे, आणि त्या चार पावलांपायी माल तिष्ठत पडे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे मीटरगेज मार्ग रुंद करण्यात आले, तेव्हा ही अडचण सरली.

चढउताराच्या प्रश्नावर जगाने शोधलेले उत्तर म्हणजे कंटेनर, अर्थात ठरावीक मापाची पोलादी पेटी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून अशा ५८ पेट्या न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. पेटी कारखान्यात एकदा भरून मोहोरबंद केली की पुढे माल कोणी हाताळत नाही. यारीने उचलली जाते ती पेटी. तिचे नेहमीचे माप २० फूट लांब व ८ फूट रुंद असे आहे. कोपऱ्यांवरील खाचा जगभर सारख्या ठेवल्यामुळे जहाज, वाघीण आणि मालमोटार यांपैकी कोठेही ती पक्की बसते.

भारतातील पहिले अंतर्देशीय कंटेनर आगार १९८१ साली बंगळुरातच स्थापन झाले. सीमाशुल्काची तपासणी तेथेच होऊ लागल्यामुळे पठारावरील या शहराला जणू कोरडे बंदर लाभले. पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या कंटेनर कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने रेल्वेकडून अशी आगारे आपल्या हाती घेतली. व्हाइटफील्ड येथील आगार तिचेच होय. २००६ साली कंटेनरगाड्या चालविण्याची मुभा खाजगी कंपन्यांनाही देण्यात आली. रूळ व इंजिने सरकारी, वाघिणी व गिऱ्हाईक कंपनीचे, अशी ही वाटणी होती.

आता थोडे गणित पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. एका टनाला दर किलोमीटरमागे रस्त्याने ३ रुपये आणि रुळाने दीड रुपया खर्च येतो असे धरू. रुळाच्या बाबतीत दोन्ही टोकांची ने-आण व चढउतार यांसाठी टनामागे आणखी ६०० रुपये धरावे लागतील. ३५० किलोमीटरांना रस्त्याचा खर्च १,०५० रुपये आणि रुळाचा १,१२५ रुपये येतो. म्हणजे मालमोटारच स्वस्त. १,००० किलोमीटरांना तोच हिशेब ३,००० आणि २,१०० असा होतो. येथे रूळ सहज जिंकतो. दोन्ही खर्च ४०० किलोमीटरांवर समान होतात. आता टोकांचा खर्च ६०० वरून ४५० वर आणता आला, तर हे समतोलाचे अंतर ३०० किलोमीटरांवर येते आणि ३५० किलोमीटरांचा माल रुळाकडे वळतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, गाडीचा वेग तसूभरही वाढविलेला नाही. सुधारला तो केवळ धक्का.

भरलेली मालमोटारच वाघिणीवर चढवून नेण्याचा एक मार्ग आहे. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड ते वेर्णा अशी सेवा सुरू केली. ३० ऑगस्ट २०२० रोजी बंगळूरजवळील नेलमंगल येथून सोलापूरजवळील बाळे येथे अशीच गाडी निघाली. धर्मावरम, गुंतकल, रायचूर व वाडी या मार्गाने ६८२ किलोमीटर जाणाऱ्या या एका गाडीवर ४२ मालमोटारी मावत. यात यारी लागत नाही. मोटारी उतरंडीवरून वाघिणीवर चढतात आणि तशाच उतरतात. डिझेल वाचते, टायर झिजत नाहीत, चालकाला विसावा मिळतो. परंतु मालाबरोबर मोटारीचे कित्येक टन निरुपयोगी वजनही ओढावे लागते, ही या पद्धतीची उणीव होय. ज्याची एकच मालमोटार आहे आणि तीही कर्जावर घेतलेली, असा मालक गाडी सुटण्याची वाट पाहत उभा राहिला तर त्याचा हप्ता थांबत नाही. गाडीचे भाडे किती, याइतकेच ती ठरल्या वेळी सुटते की नाही, यावर त्याचा निर्णय अवलंबून असतो. नियोजनाच्या तक्त्यांत हा मनुष्य सहसा दिसत नाही.

मुद्देलिंगनहळ्ळी येथे सुमारे ४०० एकरांवर बहुविध मालवाहतूक केंद्र उभारण्याचा करार २०२३ साली झाला, त्याच्या मुळाशी धक्क्याचाच विचार आहे. रस्ता व लोहमार्ग यांची जोडणी सरकारने करावयाची, आणि गोदामे, यार्‍या व शीतगृहे खाजगी कंपनीने बांधून ४५ वर्षे चालवावयाची, अशी योजना आहे. बंगळूर–हुबळी–मुंबई हा लोहमार्ग या जागेच्या दक्षिणेस आहे. तेव्हा महाराष्ट्राकडे जाणारा माल शहराच्या गर्दीत न शिरताच रुळावर चढविण्याची सोय तेथे होऊ शकते. तथापि, येणारी गाडी परतीच्या वाटेवर रिकामी गेली, तर तिचा खर्च जाणाऱ्या मालावरच पडतो. म्हणून अशा केंद्राचे दर ठरविताना बंगळुरातून काय जाते, याबरोबरच सोलापूर-मुंबईकडून तेथे काय येते, याचीही मोजदाद करावी लागते.