पद्यपत्र कानानं वाच

चि. मुक्तास,


इंग्रज कवी पोपच्या ‘एपिसल टू डॉ. आर्बथनॉट’वरचं तुझं टिपण वाचलं. ओळीला दहा अक्षरं, पाच आघात, दोन-दोन ओळींना यमक, हा हिरोइक कप्लेटचा हिशेब तू चोख मांडलास. पण मोजणी झाली म्हणजे वाचन झालं असं नव्हे. पद्यपत्रात कवीला वृत्त सांभाळायचं असतं आणि समोर बसून बोलल्यासारखंही वाटायला हवं असतं. या दोहोंची ओढाताण कुठे होते ते बघ.

पहिलीच ओळ घे. होतकरू कवींच्या तगाद्यानं वैतागलेला पोप नोकराला दार लावायला सांगतो, आणि आज्ञेचा शब्द लागोपाठ दोनदा उच्चारतो. आयँबिक चालीत पहिलं अक्षर हलकं हवं. इथे दोन्ही शब्द ठासूनच म्हणावे लागतात. तू ‘अनियमित’ असा शेरा मारून पुढे गेलीस. अगं, त्रासलेला माणूस असाच बोलतो! आणि इंग्रजी पद्य वाचताना आपले लघु-गुरू बाजूला ठेव. तिथे जोर कुठे पडतो ते महत्त्वाचं.

आता ॲटिकस या नावाआडून लेखक ॲडिसनला हाणलेला टोला. वीसेक ओळी पोप आधी गुण आणि मग एकेक खोड सांगत जातो. नाव मात्र शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवतो. अखेरच्या दोन्ही ओळी एकाच प्रश्नार्थक सर्वनामानं सुरू होतात. पहिलीत हसू आहे, दुसरीत रडू. सुरुवात सारखी असल्यामुळेच तो फरक बोचतो, आणि यमक जुळताच निकाल लागतो. अशा पुनरुक्तीला ‘शब्दांचा तुटवडा’ म्हणू नये.

पत्र कोणाला आहे हेही विसरू नकोस. आर्बथनॉट हा पोपचा डॉक्टर आणि मित्र. उपरोध चालू ठेव, पण जिवाला जप, असं त्यानं आजारपणात पोपला कळवलं होतं. हे पद्यपत्र जानेवारी 1735 मध्ये छापलं गेलं आणि पुढच्याच महिन्यात आर्बथनॉट वारला. शेवटी पोप आजारी आईच्या सेवेविषयी बोलतो, मित्राचं भलं चिंतितो, तेही याच जोडओळींत. वृत्ताला स्वतःचा राग-लोभ नसतो. तो बोलणाऱ्याचा असतो.

टिपण पुन्हा लिही. त्याआधी सगळं पत्र एकदा मोठ्यानं वाच, आणि जिथे जीभ अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण कर. लिहायचं ते त्या खुणांवर.

तुझा,
मामा