हलक्या हातानं काम कर

चि. सायलीस,


नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तुला ऑर्थोची, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या शाखेची, जागा मिळाल्याचं वहिनीनं कळवलं. फार आनंद झाला. फोनवर तुझा पहिला प्रश्न होता, "आत्या, ब्रॅकेट लावायला कधी मिळतील?" त्यासाठीच हे पत्र.

आधी तुला तारच वाकवायची आहे. ०.७ मिलिमीटरच्या तारेचा ॲडम्स क्लास्प, म्हणजे प्लेट दाढेला धरून ठेवणारी पकड, करताना बाणासारखी दोन्ही टोकं दाढेच्या हिरडीलगतच्या खाचेत नेमकी बसली पाहिजेत. वाक चुकला, तर तार सरळ करून तिथंच पुन्हा वाकवू नकोस. ती तिथं कमकुवत होते आणि पुढे रुग्णाच्या तोंडात तुटते. सरळ नवी तार घे.

दात ओढून सरकत नाही, भोवतीचं हाड बदलतं म्हणून सरकतो. दाबाच्या बाजूचं हाड झिजतं, ताणाच्या बाजूला नवं भरतं. जोर जास्त झाला की मुळाभोवतीच्या पडद्यातला रक्तप्रवाह तुटतो, तो भाग निर्जीव होतो आणि दात काही दिवस जागचा हलत नाही. दात नुसता कलवायला ३५ ते ६० ग्रॅम पुरतात, हिरडीकडे आत दाबायला १० ते २० ग्रॅम. सुळा मागे नेताना आधार दाढेचा असतो. तिथं जोर वाढवलास, तर सुळा अडून बसतो, दाढच पुढे सरकते आणि दोन चांगले दात काढून मिळवलेली जागा फुकट जाते. "डॉक्टर, जरा घट्ट करा, लवकर होईल," असं आईबाप म्हणतीलच. ऐकू नकोस. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, ही हाडाची चाल आहे.

एडवर्ड अँगलनं १८९९ साली केलेलं वाकड्या दातांचं वर्गीकरण तू रोज लिहिशील. दात काढायचेच नाहीत, असा त्याचा आग्रह होता. त्याच्याच शिष्यानं, चार्ल्स ट्वीडनं, उपचार बिघडलेले आपले रुग्ण पुन्हा तपासले आणि उपदाढा काढून त्यांच्यावर नव्यानं उपचार केले. गुरूचा शब्द मोठा खरा, पण समोरचा चेहरा त्याहून मोठा. म्हणून दातांचं मॉडेल हातात घेण्याआधी मुलाला ओठ मिटायला सांग. मिटताना हनुवटीवर सुरकुत्या पडल्या, तर ओठांना किती ताण पडतोय ते कळेल. ते केस पेपरवर लिही.

तारा निघाल्या की घरचे लोक येईनासे होतात. हिरडीतले तंतू मात्र वर्षभर दाताला जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या रिटेनरचं पहिल्याच दिवशी सांग, आणि त्यांना समजेल अशा मराठीत सांग.

दिवाळीला येशील तेव्हा माझ्याकडचं प्रोफिटचं ऑर्थोचं पुस्तक घेऊन जा. त्यातली जबड्याच्या वाढीची प्रकरणं आधी वाच, तारांची नंतर.

तुझी,
आत्या