फोन दुसऱ्याच्या हातात देण्याआधी

काचबिंदूनं नजर गेली तेव्हा वाटलं होतं, आता चालणं-फिरणं अवघड होईल. ते निभलं, रिसोड तालुक्यातलं आमचं गाव पायांना पाठ आहे. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सोयाबीनचे पैसे किती जमा झाले, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय, हे मला कळायच्या आधी वाचून दाखवणाऱ्याला कळायचं. पुढं फोनवरचं बोलून वाचून दाखवणारं टॉकबॅक शिकलो आणि बँकेचा मेसेज इअरफोन लावून एकट्यानं ऐकला. माझ्या पैशाची गोष्ट माझ्याजवळच राहिली. त्या दिवशी फार मोकळं वाटलं.

तो मोकळेपणा फोन विकत घेतानाच हातचा जाऊ शकतो, म्हणून हे तळमळीनं सांगतोय.

"काकाजी, आना इकडं, मी समदं करून देतो," असं म्हणत दुकानातल्या पोरानं माझा नवा फोन चालू केला, गुगलचं खातं उघडलं, पासवर्ड टाकला. पोरगा प्रेमळ होता. वर्षभरानं फोन अडकला, दुरुस्तीवाल्यानं तो रिसेट केला, आणि फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागू लागला. पोरगा दुकान सोडून पुण्याला गेलेला, आणि पासवर्ड त्यालाही आठवेना. चोरलेला फोन रिसेट करून विकता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये 2015 पासून हे कुलूप आहे. चांगलंच आहे ते; पण मालकालाच पासवर्ड ठाऊक नसेल, तर फोन त्याला ओळखणार कसा? खरेदीची पावती होती म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये कुलूप उघडलं. खात्यातले नंबर मात्र परत आले नाहीत. डोळस माणूस चार नंबर वहीत लिहून ठेवतो; माझी वही तो फोनच होता.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की नवा फोन अंध माणूस पहिल्या स्क्रीनपासून स्वतः चालू करू शकतो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पहिल्याच स्क्रीनला आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून धरली की टॉकबॅक बोलू लागतो. आयफोनवर बाजूचं बटण तीनदा दाबलं की तसाच वाचून दाखवणारा व्हॉइसओव्हर सुरू होतो. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. पहिल्या दिवशी घाम फुटतो, म्हणून दुकानाच्या गर्दीत न बसता घरी निवांत करावं. शेजारी कुणी बसलं तर त्यानं तोंडानं सांगावं, बोट आपलंच असावं. मराठी आवाज वाय-फायवर आधीच डाउनलोड करून ठेवा, म्हणजे रेंज नसलेल्या शेतातही तो वाचतो.

टॉकबॅकमध्ये स्क्रीन काळी करायची सोय आहे. एस.टी.त शेजारी बसलेल्याला काही दिसत नाही, आपलं काम चालू राहतं. पिन टाकताना ती वापरा आणि इअरफोन लावा. रस्त्यावर मात्र एकच कान झाका. गाडीचा आवाज हीच आपली नजर.

टॉकबॅकला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते. त्यामुळे अशी परवानगी देण्याची आपल्याला डोळसांपेक्षा जास्त सवय होते, आणि भामट्यांचे अ‍ॅपही तीच मागतात. एकदा दिली की ते अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं, आपल्या नावानं बटणंही दाबू शकतं. बँकेतून बोलतोय म्हणून कुणी फोनवर अ‍ॅप टाकायला लावलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर तडक 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

नोटा ओळखणारं रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप 2020 च्या 1 जानेवारीला आलं. ते इंटरनेटशिवाय चालतं, पण नोट खरी की खोटी हे सांगत नाही. लुकआउट आणि सीइंग एआय ही अ‍ॅप छापील मजकूर वाचतात, पण औषधाच्या पट्टीवरचं नाव त्यांच्या भरवशावर कधीच पक्कं धरू नका. माणसाकडून एकदा वाचून घ्या.

बँकेत ओळख पटवण्याची केवायसी करताना चेहरा गोलात धरून डोळे मिचकावायला सांगतात, तेव्हा आपण सगळेच अडतो. सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 ला सांगितलं, की डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. न्यायालयानं वीस निर्देश दिले, त्यात डोळे मिचकावण्याला पर्याय देण्याचाही आहे. शाखेत "घरच्या कुणाला तरी आणा" म्हणाले, तर हा निकाल तारखेसह सांगा आणि तक्रार लेखी द्या.

घरच्यांना एक विनंती. आपल्या वाशीम जिल्ह्यात केकतउमऱ्याच्या 'चेतन सेवांकुर' वाद्यवृंदाची अंध मुलं गातात तेव्हा सगळे मनापासून टाळ्या वाजवतात. तोच भरवसा घरातल्या अंध माणसावर फोनच्या बाबतीतही ठेवा. वेळ लागला तरी फोन त्याच्या हातातून ओढून घेऊ नका.

आणि ज्यांचा फोन दुकानदारानं किंवा पुतण्यानं चालू करून दिलाय, त्यांनी आजच सेटिंगमध्ये गुगल उघडून खातं कुणाचं आहे ते ऐकावं, पासवर्ड बदलावा, आणि खातं परत मिळवण्यासाठी तिथं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकावा.