पिंगळा आणि रानपिंगळा

हॉस्टेलच्या मागे, मेसच्या टाकीजवळ जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. सबमिशनच्या रात्री त्यांची किचकिच ऐकली नाही असा मुलगा हॉस्टेलवर सापडणार नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मला तो फर्स्ट इयरपर्यंत घुबडाचं पिल्लूच वाटायचा!)

या पिंगळ्याचा एक चुलतभाऊ आहे, रानपिंगळा. दोघे दिसायला इतके सारखे, की भले भले फसतात. आपल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, पोटाचा खालचा भाग पांढरा, आणि पंख-शेपटीवर जाड पट्टे. शिवाय तो दिवसाढवळ्या शिकार करतो.

रानपिंगळ्याची शास्त्रीय नोंद झाली 1873 साली. 1884 नंतर मात्र तो कोणालाच मिळेना. मधल्या काळातली एकच नोंद होती, कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवलेला पक्षी. त्या आधारावर लोक शोधत राहिले आणि हात हलवत परत आले. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातला तो नमुना तपासला, तर तो चोरलेला निघाला! एकोणिसाव्या शतकातलाच जुना पक्षी, नव्याने भरून, खोटं लेबल लावलेला. मित्रांनो, आपणही लॅबमध्ये शेजारच्याची रीडिंग्ज उतरवतोच की. पण इथे एका खोट्या रीडिंगमुळे शोधणारे चुकीच्या जागी गेले.

रासमुसेन यांनी ती नोंद बाद केली, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी!

नंतर तो मेळघाट, यावल आणि ठाण्याकडे तानसातही सापडला. म्हणून 2018 मध्ये आययूसीएनने त्याला 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आणलं. म्हणजे सगळं आलबेल झालं असं नाही. पूर्ण वाढ झालेले पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. पिंगळ्याला मात्र कसलाच धोका नाही. त्याला शेताचा बांध, पडका वाडा, आमची मेस, काहीही चालतं. रानपिंगळ्याला साग-ऐनाचं जंगल आणि ढोली असलेली जुनी झाडंच लागतात, आणि तोड होते ती नेमकी त्यांचीच.

माझा रूममेट शहाद्याचा आहे. त्याने हा पक्षी कधी पाहिलेला नाही. या सुट्टीत त्याच्याकडे जायचं ठरलंय, दुर्बीण सरांची.